"सोमवारी बस येणार ना?" एकच प्रश्न, दिवसातून त्रेसष्ट वेळा

थोरली

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. त्याला प्राडर-विली सिंड्रोम आहे. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पंधराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यातली काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरच काम करतात, आणि नेमकी तीच गैरहजर किंवा गप्प असतात. साधारण पंधरा-वीस हजार बाळांत एखाद्याला हे होतं. जन्मल्यावर अंगात जोर नसतो, दूधही ओढता येत नाही. पुढे काही वर्षांनी सगळं उलटतं आणि पोट भरल्याचं कळेनासंच होतं. या आजाराबद्दल लोकांना फार तर भुकेचं माहीत असतं. आमच्याकडेही स्वयंपाकघराला कुलूप आहे, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी इथे आलेय ते त्याच्या टुमण्यांबद्दल विचारायला.

तो एका कार्यशाळेत जातो. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ दहाला बस येते. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी बस आलीच नाही. तेव्हापासून "सोमवारी बस येणार ना?" सुरू झालं. "हो, आठ दहाला" असं म्हटलं की "नक्की ना?". "नक्की" म्हटलं की दोन-तीन मिनिटं शांतता, मग परत पहिल्यापासून. उत्तर शब्दाला शब्द तेच लागतं. मी एकदा "हो रे, सव्वाआठच्या आत येईल" म्हणाले तर त्या चार-पाच मिनिटांच्या फरकाने अख्खी संध्याकाळ गेली. गेल्या गुरुवारी वैतागून कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा ओढत बसले. तो उठल्यापासून झोपेपर्यंत त्रेसष्ट झाल्या. त्यातल्या चाळीसेक आईच्या वाट्याच्या. ती दर वेळी त्याच सुरात "येणार रे बाळा" म्हणते. बाबा पाचव्या वेळेला आवाज चढवतात. मी मधेच कुठेतरी.

बाकीचंही थोडं आहे. पेनं लांबीनुसार ओळीत लावायची. संपलेल्या बॅटऱ्या जमवायच्या. त्यांचे सात डबे झालेत आणि त्यातली एक जरी हलली तरी त्याला कळतं. (हाच मुलगा पाचशे तुकड्यांचं जिगसॉ खोक्यावरचं चित्र न बघता लावतो. मला जमत नाही.) आणि डाव्या हातावर, मनगटाच्या वर, नाण्याएवढी जखम आहे. दोन वर्षं ती पूर्ण भरलेली मी पाहिलेली नाही. खपली धरली की काढलीच.

मागच्या महिन्यात एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, प्रश्नाला उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की वाढतं. आम्ही एक संध्याकाळ उत्तर न देता बघितलं. दाराची काच फुटली. तो नंतर तासभर रडत होता आणि "ताई, मी मुद्दाम नाही केलं" एवढंच म्हणत होता, तेही वीस-पंचवीस वेळा. गोळी अजून सुरू केलेली नाही.

तर मला कळत नाही, हा खरंच मंत्रचळच आहे का? आणि उत्तर द्यायचं की नाही? आईशी रोज याच्यावरून वाजतं. हाताचं कुणी काही केलं असेल तर तेही सांगा.

शून्यप्रहर

लाड कमी करा. एकच संध्याकाळ करून सोडून दिलंत, म्हणजे काच फोडली की उत्तर मिळतं हे त्याला शिकवलंत. आठवडाभर सगळ्यांनी दगड व्हायचं, आपोआप बंद होईल. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं असंच बंद झालं.

जुनी खिडकी

शून्यप्रहर, शेजाऱ्यांच्या मुलाला प्राडर-विली होतं का? नसेल तर जाऊ द्या.

थोरली, माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे. हेच निदान. तिचा प्रश्न बसचा नाही, "तू रागावलीस का?" असा आहे. याला काही खरं उत्तर असूच शकत नाही, कारण पन्नासाव्या वेळी मी रागावलेलीच असते. त्यामुळे तुमची बस मला तशी सोपी वाटते. हसा थोडं.

आमच्याकडे काय चाललं, काय नाही, ते सांगते. दगड होऊन पाहिलं, दोन वेळा. दोन्ही वेळा तिने स्वतःचा हात सोलून काढला. मग तिच्या शाळेतल्या बाईंनी एक गोष्ट सुचवली. उत्तर एकदाच द्यायचं, पण तोंडी नाही, कार्डावर लिहून. तिच्याच हाताने लिहून घ्यायचं. पुढच्या वेळी विचारलं की आपण उत्तर द्यायचं नाही, "कार्डावर काय लिहिलंय?" एवढंच विचारायचं. ती काढते, मोठ्याने वाचते, खिशात ठेवते. म्हणजे उत्तर मिळतं, पण ते तिचं तिलाच काढावं लागतं आणि माझ्या आवाजाचा चढ-उतार त्यात येत नाही. आवाजाचा हा भाग मला फार उशिरा कळला. अर्ध्या वेळा ती शब्द ऐकतच नव्हती, सूर ऐकत होती. सूर जरा वेगळा लागला की तिला वाटायचं, काहीतरी बदललंय.

कार्डाने बंद झालं असं अजिबात समजू नका. कमी झालं. आणि कार्डाचंच नवं टुमणं झालं: निळ्याच पेनाने लिहायचं, कोपरा दुमडलेला चालणार नाही. एक गेलं की दुसरं येतं, हे धरूनच चाला.

आणखी एक. घड्याळाची वेळ लिहू नका, क्रम लिहा. "आठ दहाला बस" हे वचन आपल्या हातात नसतं, रस्त्याच्या हातात असतं. "अंघोळ, कपडे, दाराशी थांबणं, बस, कार्यशाळा" हे मोडायला वेळ लागतो. आणि पुढची गंमत फार आधी सांगू नका. पंधरा दिवसांनी पाहुणे येणार हे मी तिला आदल्या दिवशी सांगते. लोक म्हणतात, तिला आधी सांगून मनाची तयारी करून घ्या. पंधरा दिवस तयारी तीच करते, मला पण करावी लागते.

हाताबद्दल मात्र गांभीर्याने घ्या. या मुलांना वेदना कमी जाणवतात आणि आत पू झाला तरी ताप चढेलच असं नाही. माझ्या मुलीच्या पायाची जखम आम्हाला वासावरून कळली. रोज ठरलेल्या वेळी उजेडात बघायचं, कडा लाल किंवा गरम वाटतात का ते हात लावून पाहायचं. नखं दर दोन दिवसांनी. आणि जखम झाकायचीच, लांब बाहीच्या आत. "काढू नको" म्हणणं सोडून द्या, ते म्हटलं की हात तिथेच जातो. टीव्हीसमोर हात रिकामा असतो, नेमकं तेव्हा काढतात. आम्ही त्या वेळी लोकरीचा गुंडा उलगडायला देतो. सोडवलेला गुंडा मी रात्री परत गुंतवून ठेवते. एवढं चालतं.

मोकळा कान

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

मंत्रचळ आहे का, हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलाय. मंत्रचळात एक नकोसा विचार येतो, त्याने भीती वाटते आणि ती भीती घालवायला माणूस काहीतरी कृती करतो. बहुतेकांना स्वतःलाच तो विचार परका आणि अतिरेकी वाटत असतो. प्राडर-विलीमध्ये सहसा दिसतं ते थोडं निराळं: साठवणं, ओळी लावणं, सारखेपणाचा आग्रह, तेच तेच विचारणं किंवा सांगणं. जंतूंची भीती किंवा दार लावलं का हे तपासणं त्या मानाने कमी. काहींना खरा मंत्रचळही असतो, नाही असं नाही. पण प्रत्येक टुमण्याला तो शिक्का मारला की उपचार भलत्याच वाटेने जातात. मंत्रचळाच्या उपचारात उत्तर रोखून धरायला सांगतात, ते त्या माणसाला समजावून, त्याच्या संमतीने आणि पायरीपायरीने. एका संध्याकाळी सगळ्या घराने तोंड बंद करणं हा तो उपचार नव्हे.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्राडर-विली आणि फ्रॅजाइल एक्स (हाही एक जनुकीय आजारच) अशा दोन्ही गटांतल्या मुलांवर काम प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते मुळाशी एक ठरावीक अडचण आहे: एका गोष्टीवरचं लक्ष काढून दुसरीवर नेणं. आपण गिअर बदलतो तसं. इथे गिअर अडतो. ठरलेलं मोडलं की मेंदूवर एकदम ताण येतो. त्यातून आधी प्रश्न सुरू होतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर काच फुटते. म्हणून मी घरच्यांना सांगते की प्रश्न वाढले की ती आगाऊ सूचना समजा. धाकटे त्रेसष्ट वेळा बस विचारतात त्या दिवशी आणखी काय काय हललं होतं ते बघा. त्या गुरुवारी घरात काही वेगळं होतं का?

याच गटाच्या पुढच्या कामातल्या दोन गोष्टी घरी उपयोगी पडतात. दोन्ही अभ्यास मोजक्या लोकांवरचे आहेत, तेव्हा त्या मानानेच घ्या. एक, बदल होणार असेल तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, एक ठरलेली खूण दाखवायची. वेगळ्या रंगाचं कार्ड किंवा एक ठरलेलं वाक्य. ती खूण म्हणजे "आता काहीतरी बदलणार" एवढं शिकवून ठेवलं की बदलानंतरचा भडका कमी होतो. दोन, ज्या गोष्टी बराच काळ अगदी काटेकोर एकसारख्या ठेवल्या, त्या मोडल्यावर त्रास जास्त झाला. म्हणजे तुमच्या आई "येणार रे बाळा" हे शब्दही न बदलता म्हणतात, ते त्या क्षणी बरं, पण उद्यासाठी महागात पडतं. दिवसाचा सांगाडा पक्का ठेवा, आतलं थोडं थोडं मुद्दाम हलवत राहा.

गोळीबद्दल मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे बोलणार नाही. पण परत भेटायला जाल तेव्हा एक विचारा: जनुकीय प्रकार कोणता? साधारण दोन तृतीयांश लोकांत वडिलांकडून आलेला तुकडा गळालेला असतो. पाव-एक भागात दोन्ही पंधरावी गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात. या दुसऱ्या प्रकारात तरुणपणी गंभीर मानसिक आजार होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणून वागण्यात अचानक फरक पडला, झोप उडाली, भास होतायत असं वाटलं किंवा टुमणं नेहमीच्या चालीचं राहिलं नाही, तर थांबू नका. मूड बदलणारी कुठलीही गोळी सुरू करताना हा प्रकार डॉक्टरांना माहीत असलेला बरा.

खपल्यांसाठी एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध काही ठिकाणी वापरतात. २०१४ मध्ये प्राडर-विलीच्या ३५ जणांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास आला, त्यात बहुतेकांच्या जखमा भरल्या. पण तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता. डॉक्टरांशी बोलण्यासारखं नक्कीच आहे, स्वतःहून आणून देण्यासारखं नाही.

अवांतर: १९५६ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट मांडला तो स्वित्झर्लंडमधल्या प्राडर, लाबहार्ट आणि विली या तिघांनी. बिचाऱ्या लाबहार्टचं नाव रोजच्या बोलण्यातून गळालं.

रातराणी

मला स्वतःला मंत्रचळ आहे, बारा वर्षं. उपचार चालू आहेत. वरचं वाचून एक सांगावंसं वाटलं.

मी गॅस बंद केला का हे नवऱ्याला विचारायचे, तेव्हा प्रश्न विचारतानाच मला लाज वाटायची. मला माहीत असायचं की तो बंद आहे. डोक्यात घर जळतानाचं चित्र असायचं आणि ते चित्र जावं म्हणून विचारायचे. नवऱ्याने उत्तर देणं थांबवलं, आम्ही दोघांनी मिळून ठरवून, तेव्हा पहिले दोन आठवडे नरक होता आणि मग चित्र फिकं पडलं. ते माझ्या बाबतीत चाललं, कारण मला ते चित्र नको होतं.

तुमच्या भावाला कधी विचारलंय का, बस आली नाही तर काय होईल असं वाटतं? तो प्रश्न त्याला नकोय की हवाय?

अर्धवट चंद्र

मुलगा तेरा वर्षांचा, फ्रॅजाइल एक्स. आमच्याकडे प्रश्न नाही, वाक्य आहे. "लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा." लिफ्ट चालू असली तरी. अनोळखी कुणी थेट डोळ्यांत बघून बोललं की सुरू, सोबत हात फडफडवणं. मला कळायला काही वर्षं गेली की हे वाक्य म्हणजे "माझ्याकडे बघू नका" एवढंच आहे. आता मी त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो आणि दुसऱ्याच कशाबद्दल बोलतो. वाक्य थांबतं. प्राडर-विलीला लागू पडेल का माहीत नाही, पण समोर बसून उत्तर देण्याऐवजी शेजारी बसून बघा.

थोरली

सगळ्यांचे आभार. शून्यप्रहर, तुमचेही, बाबांनी तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग आईने जुनी खिडकी यांची पहिली ओळ बाबांना मोठ्याने वाचून दाखवली.

मोकळा कान, त्या गुरुवारी काय वेगळं होतं हे मला आधी आठवेना. मग आईने सांगितलं, बाबा दोन दिवस गावाला गेले होते, ते गुरुवारी रात्री परत आले. आम्ही त्याला "बाबा येतील" एवढंच म्हणत राहिलो होतो, कधी ते सांगितलंच नव्हतं. मग तो बाबांबद्दल एकदाही न विचारता बसबद्दल त्रेसष्ट वेळा का विचारत होता? बसला निदान ठरलेलं उत्तर आहे म्हणून? मला माहीत नाही, पण कॅलेंडरच्या मागच्या रेघा मी पुसल्या नाहीत. आता खाली त्या दिवशीचं घरातलं काय हललं ते लिहिते.

रातराणी, मी त्याला विचारलं. शेजारी बसून विचारलं, अर्धवट चंद्र यांचं ऐकून, जिगसॉ लावताना. "बस नाही आली तर काय होईल रे?" तो म्हणाला, "काही नाही. घरी." मग भीती वाटते का विचारलं. "नाही." मग का विचारतोस? बराच वेळ तुकडा हातात धरून बसला आणि म्हणाला, "माहितीये येणार ते. पण विचारायचं संपत नाही."

चोवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

फाईल काढून बघितली. लहानपणी केलेली मिथिलेशन चाचणी (ती जनुकं चालू आहेत की गप्प हे बघणारी) आहे. त्यात निदान पक्कं झालंय, पण प्रकार कोणता ते त्या चाचणीतून कळत नाही म्हणे. पुढची चाचणी तेव्हा कुणी केली नाही. पुढच्या भेटीत विचारणार आहे, गोळीचं त्यानंतर.

थोरली

सहा आठवड्यांनी परत आलेय, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

कार्ड चालू आहे. पहिला आठवडा काहीच नाही, उलट वाढलं. आता चांगल्या दिवशी वीस-बावीस, वाईट दिवशी पन्नास. क्रमच लिहिलाय, वेळ नाही. "आठ दहाला" त्याने स्वतःहून खाली बारीक अक्षरात घातलं, ते राहू दिलं. आई कार्डाला मानत नाही. ती "येणार रे बाळा" म्हणते आणि मग मला बघून म्हणते, "कार्ड काढ." दोन्ही. मी आता त्यावरून वाजवत नाही.

बदलाची खूण म्हणून हिरवं कार्ड केलं. त्याचा अर्थ त्याला कळावा म्हणून आधी मुद्दाम छोटे बदल केले, आज तू खिडकीच्या बाजूला बस वगैरे. गेल्या मंगळवारी बस पंचवीस मिनिटं उशिरा येणार असा फोन आला. हिरवं कार्ड दाखवलं. त्याने बूट काढले, परत घातले, परत काढले, अकरा वेळा. काच शाबूत.

नवे डॉक्टर मिळाले. त्यांनी प्रकाराची चाचणी पाठवलीय, निकाल यायचाय. हाताला जाळीची पट्टी आणि लांब बाही. जखम नाण्याएवढी होती ती आता नखाएवढी झालीय. लोकरीचा गुंडा त्याने पहिल्याच दिवशी पूर्ण सोडवून रंगानुसार कापून ठेवला. मी आता आणखी लोकर आणणार नाही, सुतळी देऊन बघते.

आईने कुठेतरी ऐकलं की अमेरिकेत या आजारासाठी नवीन औषध आलंय, म्हणजे हेही जाईल का? डॉक्टर म्हणाले, २०२५ मध्ये तिकडे मंजूर झालं ते भुकेसाठी, टुमण्यासाठी नव्हे. आई म्हणाली, मग बरं, टुमणं गेलं तर घर फार शांत होईल. बाबा काही बोलले नाहीत.

जुनी खिडकी, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडेही निळ्या पेनाचं सुरू झालंय. ते संपत आलंय. काय करायचं?

जुनी खिडकी

संपायच्या आत आजच काळ्याने एक कार्ड लिहा, उद्या निळ्याने, परवा परत काळ्याने. मी निळं पूर्ण संपेपर्यंत थांबले होते आणि रविवारी रात्री साडेदहाला पेन शोधत फिरले होते.

आणि संपलेलं पेन त्याच्यासमोर टाकू नका. बॅटऱ्यांच्या शेजारी आठवा डबा ठेवा.